ताटातील रंगाची किंमत

(लखनौमधील अमीनाबाद येथे, तेथे स्थायिक झालेल्या मराठी रहिवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वनस्पतींतील रंगद्रव्ये आणि आतड्यांचा दाह या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या वैद्यकतज्ज्ञाला पाचारण करावयास हवे होते, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. ते रास्तच आहे. वैद्यकातील निष्कर्ष मी प्रकाशित संशोधनाच्या आधारेच मांडणार आहे. माझा अभ्यास बाजार, किंमत आणि ग्राहकाला मिळणारी माहिती यांचा आहे. तथापि अन्नाचा रंग ही मुळात एक माहितीच असते आणि तिची एक किंमतही असते. ती किंमत कोण मोजतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो. त्याचा विचार करण्यास अमीनाबादइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

या बाजारात रंगाला तोटा नाही. हिवाळ्यात येथे काळ्या गाजराचा गडद जांभळा हलवा मिळतो, उन्हाळ्यात फालसा आणि जांभूळ येतात, शीरमाळीवर केशराची छटा असते. त्याच गल्ल्यांमधून डोळे दिपविणारी नारिंगी जिलबी, पिवळाधमक जर्दा आणि गुलाबी शरबतही विकले जाते. डोळ्यांना हे सर्व रंग एकाच जातीचे वाटतात. आतड्यांना मात्र ते एकाच जातीचे वाटत नाहीत, असे गेल्या दोन दशकांतील संशोधन सुचविते. डोळ्यांचा निर्णय आणि आतड्यांचा अनुभव यांतील हे अंतर हाच माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रंग ही माहिती

वनस्पती रंगद्रव्ये तयार करते ती स्वतःच्या गरजेसाठी. पानातील हरितद्रव्य प्रकाश शोषून घेते. कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-नारिंगी द्रव्ये जादा प्रकाशापासून पानाचे रक्षण करतात. अँथोसायनिन या गटातील लाल, जांभळी व निळी द्रव्ये फळ पिकल्याची वर्दी पक्ष्यांना देतात. फळ पिकले म्हणजे रंग बदलतो आणि रंग बदलला म्हणजे फळ खाण्याजोगे झाले, असा हा संकेत आहे. मनुष्यानेही भाजी-फळांची पारख याच संकेतावरून करण्याची सवय लावून घेतली.

हा संकेत विश्वसनीय होता, कारण रंग आणि पदार्थ वेगळे करता येत नव्हते. ज्या दिवशी रंग पुडीत भरून स्वतंत्रपणे विकला जाऊ लागला, त्या दिवशी ही विश्वसनीयता संपली. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला मालाची खरी प्रत माहीत असते आणि ग्राहकाला ती ओळखता येत नाही, तेव्हा चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. या विवेचनासह माहितीच्या विषमतेवरील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जो हलवाई खरे केशर वापरतो आणि जो पिवळा रंग वापरतो, त्या दोघांच्या जर्द्यात ग्राहकाला फरक करता आला नाही, तर केशर वापरणाऱ्याने आपला जादा खर्च कसा भरून काढावा? एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात. पुडीतील रंगाचा खर्च त्यापुढे नगण्य ठरतो.

निळीचा धडा

वनस्पतीचा रंग आणि कारखान्यातील रंग यांच्यातील स्पर्धेचा इतिहास जुना आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा दुवा लखनौशी जोडलेला आहे. आपल्या शेजारी चिकनचे काम होते. कापडावर भरतकामाची नक्षी प्रथम लाकडी ठशांनी उमटविली जाते. त्यासाठी निळीसारखा धुऊन जाणारा रंग वापरतात आणि काम पूर्ण झाल्यावर कापड धुतले की तो निघून जातो. या निळीने एकेकाळी बिहार व बंगालच्या शेतकऱ्यांचे जीवन व्यापले होते.

१८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. ती स्वस्त होती, तिची प्रत ठरावीक होती आणि तिला पावसाची वाट पाहावी लागत नव्हती. भारतातील निळीची शेती त्यानंतर वेगाने कोसळली. या पडझडीचा भार मळेवाल्यांनी स्वतः सोसला नाही. चंपारणमध्ये 'तीनकठिया' पद्धतीनुसार शेतकऱ्याला वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांवर नीळ लावण्याची सक्ती होती. नीळ परवडेनाशी झाल्यावर या सक्तीतून मुक्त करण्याची किंमत म्हणून मळेवाल्यांनी वाढीव खंड किंवा रोख रक्कम शेतकऱ्यांकडूनच उकळली. डिसेंबर १९१६ मधील काँग्रेसचे लखनौ अधिवेशन आपण मराठी माणसे लोकमान्य टिळक आणि लखनौ करार यांमुळे लक्षात ठेवतो. त्याच अधिवेशनात राजकुमार शुक्ल यांनी गांधीजींना गाठून चंपारणची कैफियत त्यांच्या कानी घातली. पुढील वर्षी चंपारणचा सत्याग्रह झाला आणि १९१८ मध्ये कायदा होऊन तीनकठिया पद्धत रद्द झाली.

स्वस्त पर्याय बाजारात आला म्हणजे खर्च नाहीसा होतोच असे नाही. बहुधा तो ज्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो त्याच्याकडे सरकतो. चंपारणमध्ये तो शेतकऱ्याकडे सरकला. अन्नातील स्वस्त रंगाचा खर्च कोणाकडे सरकत आहे, हे समजून घेण्यासाठी रंगद्रव्ये आतड्यांत गेल्यावर काय घडते, ते पाहिले पाहिजे.

आतड्यांत काय घडते

आपल्या आतड्यांचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. त्यावर श्लेष्माचे आवरण असते आणि त्यापलीकडे अब्जावधी जिवाणू वास करतात. या जिवाणूंशी सलोखा राखणे आणि खऱ्या शत्रूशी लढणे, ही दोन्ही कामे आतड्यांतील प्रतिकारयंत्रणेला करावी लागतात. हा तोल ढळला की दाह निर्माण होतो. तो दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या विकारांत दोन प्रमुख आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला दाह होऊन व्रण पडतात. क्रोन्स विकार पचनमार्गात कोठेही होऊ शकतो. आपल्या देशात त्याची लक्षणे आतड्यांच्या क्षयाशी इतकी मिळतीजुळती असतात की, निदान करताना तज्ज्ञांचीही कसोटी लागते.

हे विकार केवळ पाश्चात्त्यांचे आहेत, असा समज आपल्याकडे होता. पंजाबमध्ये ५१,९१० व्यक्तींची पाहणी करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण तेथे दर लाख लोकसंख्येमागे ४४.३ इतके आढळले. हा आजार बहुधा तारुण्यात, म्हणजे कमावत्या वयात सुरू होतो आणि आयुष्यभर सोबत करतो. रक्तस्रावामुळे आणि वारंवारच्या जुलाबांमुळे रोजंदारी करणाऱ्याचा दिवस बुडतो. औषधांचा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. म्हणून हा प्रश्न आरोग्याचा आहे तितकाच उत्पन्नाचाही आहे.

रंगद्रव्यांचा संबंध येथे येतो. काळे गाजर, जांभूळ, फालसा यांतील अँथोसायनिनचा फारच थोडा अंश लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो. उरलेला मोठा भाग मोठ्या आतड्यात पोहोचतो. पूर्वी हा या द्रव्यांचा दोष मानला जाई. जे शोषलेच जात नाही, त्याचा उपयोग काय, असे विचारले जाई. दाह मोठ्या आतड्यातच असेल तर हा दोष गुण ठरू शकतो, असे आता मानले जाते. तेथील जिवाणू या द्रव्यांचे विघटन करून साधी फेनॉलिक आम्ले तयार करतात. दाहाचे संदेश चालू करणारी 'एनएफ-कप्पा-बी' ही पेशींतील यंत्रणा अशा द्रव्यांमुळे मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. हळदीतील करक्यूमिनही असेच अल्प प्रमाणात शोषले जाते आणि त्याच यंत्रणेवर परिणाम करते. गाजर, लाल भोपळा आणि हिरव्या पालेभाज्या यांतील बीटा-कॅरोटिनचे शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनते आणि आतड्यांचे अस्तर व तेथील प्रतिकारपेशी यांना त्याची गरज असते.

प्रयोगांनी काय दाखविले

पेशींवरील आणि उंदरांवरील प्रयोग आश्वासक असले, तरी माणसांवरील चाचण्यांचा पुरावा वेगळा तपासला पाहिजे. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस आटोक्यात असलेल्या ८९ रुग्णांचा समावेश होता. नेहमीच्या औषधांसोबत रोज २ ग्रॅम करक्यूमिन घेणाऱ्या ४३ जणांपैकी दोघांचा आजार सहा महिन्यांत उलटला. करक्यूमिनविरहित गोळी घेणाऱ्या ३९ जणांमध्ये ही संख्या आठ होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत नेहमीच्या औषधासोबत रोज ३ ग्रॅम करक्यूमिन घेणाऱ्या २६ पैकी १४ रुग्णांची लक्षणे महिनाभरात शमली. तुलनेच्या गटातील २४ पैकी एकाचीही शमली नाहीत.

याउलट, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ६२ रुग्णांवर केलेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही विचारात घेतली पाहिजे. तीत मात्रा दिवसाला ४५० मिलिग्रॅम होती आणि तिचा विशेष लाभ आढळला नाही.

आता आपण स्वयंपाकघरातील हिशेब करू. हळदीत करक्यूमिनचे प्रमाण साधारणतः ३ टक्के धरले, तर २ ग्रॅम करक्यूमिनसाठी रोज ६५ ग्रॅमहून अधिक हळद खावी लागेल. आमटी-भाजीतून आपल्या पोटात दिवसाला फार तर तीन ग्रॅम हळद जाते, म्हणजे सुमारे ९० मिलिग्रॅम करक्यूमिन. ज्या मात्रेने दिल्लीच्या चाचणीत लाभ झाला नाही, तिच्या पाचव्या हिश्शाइतकी ही मात्रा आहे. म्हणून 'हळद खा, आतड्याचा आजार बरा होईल' हा उपदेश अंकगणितालाच धरून नाही. दुसरीकडे, तीव्र मात्रेच्या करक्यूमिन गोळ्या स्वतःच्या मनाने घेणाऱ्या काहींना यकृताचा विकार झाल्याच्या नोंदी इटलीसह अनेक देशांत झाल्या आहेत.

अँथोसायनिनबाबतचा पुरावा अद्याप लहान आहे. झुरिच येथे १३ रुग्णांना बिलबेरी या जांभळासारख्या गडद रंगाच्या युरोपीय रानफळाचे सत्त्व देण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ६३ टक्के रुग्णांची लक्षणे शमली, परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि सत्त्व बंद केल्यावर दाह पुन्हा वाढला.

सर्वांत बोलके उदाहरण निळीचेच आहे. चीन व जपानमध्ये नीळ देणाऱ्या वनस्पतींपासून बनविलेली एक भुकटी पारंपरिक औषध म्हणून वापरतात. ८६ रुग्णांवरील आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत ही भुकटी घेणाऱ्यांपैकी, मात्रेनुसार, सुमारे ७० ते ८१ टक्के रुग्णांना गुण आला. औषधविरहित गटात हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. इतके स्पष्ट यश मिळत असतानाही ती चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. चाचणीबाहेर स्वतःहून ही भुकटी विकत घेऊन खाणाऱ्या एका रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब धोकादायक रीतीने वाढल्याचे आढळले होते. वनस्पतीतून आलेले द्रव्य गुणकारी असू शकते आणि म्हणूनच ते निरुपद्रवी असेलच असे नाही.

या सर्वांचा अर्थ एवढाच की, रंगद्रव्ये अन्नाच्या रूपात, नित्य आणि विविध प्रकारे पोटात जावीत, ही सूचना सुज्ञपणाची आहे. ज्यांना आजार आहे त्यांनी चालू औषध सोडून रंगद्रव्यांच्या मागे लागू नये. दाह तीव्र असताना किंवा आतडे अरुंद झालेले असताना चोथायुक्त कच्च्या भाज्यांनीही त्रास होऊ शकतो. त्या काळातील आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.

कृत्रिम रंगांची बाजू

जे जिवाणू काळ्या गाजरातील द्रव्याचे विघटन करतात, त्यांच्याच वसाहतीत कृत्रिम रंगांचेही विघटन होते. भारतात आठ कृत्रिम रंगांना अन्नात वापरण्याची परवानगी आहे : पाँसो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टार्ट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्ल्यू आणि फास्ट ग्रीन. यांपैकी पाँसो ४आर, कार्मोइसिन, टार्ट्राझिन व सनसेट यलो हे चार 'अ‍ॅझो' वर्गातील आहेत. या वर्गाच्या रंगातील रासायनिक बंध आतड्यांतील जिवाणू तोडू शकतात आणि त्यातून नवी संयुगे तयार होतात.

अमेरिकेतील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखविले की, प्रतिकारयंत्रणेत विशिष्ट बिघाड घडवून आणलेल्या उंदरांना अल्युरा रेड किंवा सनसेट यलो हे रंग दिल्यावर त्यांच्या मोठ्या आतड्याला दाह झाला आणि त्यासाठी जिवाणूंनी केलेले विघटन कारणीभूत होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अल्युरा रेडबाबत उंदरांवरील असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. अल्युरा रेड आपल्या परवानगीच्या यादीत नाही, सनसेट यलो मात्र आहे. उंदरांवरील निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लावता येत नाहीत आणि परवानगी असलेला रंग मर्यादेत वापरला तर आजार होतोच, असे म्हणण्यास आज आधार नाही. परंतु ज्याचे आतडे आधीच नाजूक आहे, त्याच्याबाबत सावधगिरी बाळगण्यास हा पुरावा पुरेसा आहे.

इतर देशांनी पुरावा पूर्ण होण्याची वाट न पाहता माहितीचा मार्ग स्वीकारला. मुलांच्या वर्तनावरील परिणामांविषयी ब्रिटनमध्ये २००७ साली झालेल्या अभ्यासानंतर युरोपीय संघाने जुलै २०१० पासून सहा रंगांच्या वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक केले. आपल्या यादीतील चारही अ‍ॅझो रंग त्या सहांत आहेत. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये एरिथ्रोसिनची अन्नातील परवानगी रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि उत्पादकांना बदलासाठी २०२७ च्या जानेवारीपर्यंत मुदत दिली.

भार कोणावर?

आपल्याकडे याहून गंभीर प्रश्न परवानगी नसलेल्या रंगांचा आहे. या विषयावर देशात जे महत्त्वाचे काम झाले, त्यातील मोठा वाटा लखनौचाच आहे. १९६५ मध्ये येथे स्थापन झालेल्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थेने, सुट्या खाद्यपदार्थांतील रंगांची अनेक वर्षे तपासणी केली आहे. मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामाइन-बी यांसारखे, वास्तविक कापड, कागद वा चामडे रंगविण्यासाठी असलेले रंग अन्नात आढळल्याचे या अभ्यासांतून पुढे आले. परवानगी असलेले रंगही मर्यादेपेक्षा जास्त वापरले जात असल्याचे दिसले. ऱ्होडामाइन-बीच्या कारणावरून तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये रंगीत 'बुढ्ढी के बाल'वर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटकानेही तसेच पाऊल उचलले.

असा पदार्थ कोण खातो? वेष्टनावरील घटकांची यादी वाचून निवड करणारा ग्राहक तो सहसा खात नाही. सुटा, बिनवेष्टनाचा, पाच-दहा रुपयांचा पदार्थ मजुराचे मूल खाते, शाळेतून परतणारा विद्यार्थी खातो. स्वस्त रंगाचा खर्च त्यांच्या शरीराकडे सरकविला जातो. विकणाराही बहुधा गरीबच असतो. 'लिंबू-पिवळा' म्हणून बिनलेबलाची जी पुडी तो घेतो, तिच्यात काय आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. त्याच्यावर केवळ छापे घालून हा प्रश्न सुटणार नाही.

त्याच वेळी आपल्या खर्चाचा कलही बदलत आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या आकडेवारीनुसार पेये, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा एकूण मासिक खर्चातील वाटा ग्रामीण भागात सुमारे १० टक्के आणि शहरी भागात सुमारे ११ टक्के होता. भाज्यांचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ६ टक्के व शहरात सुमारे ४ टक्के होता. पहिल्या गटात चहा आणि बाहेरचे जेवणही मोडते, हे खरे. तरीही कल स्पष्ट आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रोज ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. आपल्या ताटातील रंग वाढला आहे, पण त्यातील मोठा भाग भाजीतून आलेला नाही.

हळदीच्या बाजाराचे उदाहरण

बिघडलेला बाजार दुरुस्त करता येतो का? याचे उत्तर हळदीच्या बाजारात मिळते. बांगलादेशात १९८० च्या दशकात मोठ्या पुरामुळे हळकुंडे भिजून निस्तेज झाली. ग्राहकाला तर पिवळीधमक हळद हवी होती. तेव्हा काही प्रक्रियादारांनी हळकुंडांना शिशाचा क्रोमेट हा पिवळा रंग चोळण्यास सुरुवात केली आणि ती प्रथाच पडली. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. २०१९ मध्ये तेथील बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. संशोधकांनी हे निष्कर्ष जाहीर केले, सरकारने वृत्तपत्रांतून व पत्रकांतून इशारे दिले, हातात धरण्याच्या यंत्राने घाऊक बाजारातच तपासणी केली आणि भेसळ करणाऱ्यांना दंड केला. २०२१ पर्यंत शिसे असलेल्या नमुन्यांचे प्रमाण शून्यावर आले.

दोन वर्षांत हे साध्य झाले, कारण तपासणी स्वस्त, तत्काळ आणि सर्वांसमक्ष होती. घाऊक बाजाराच्या नाक्यावरच ती झाल्याने हजारो किरकोळ दुकानदारांचा पाठलाग करावा लागला नाही.

महाराष्ट्राने यातून आणखी एक धडा घ्यावा. सांगलीची पेठ हळदीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली-वसमतचा पट्टाही या पिकात पुढे आला आहे. वायगावची हळद तिच्यातील अधिक करक्यूमिनसाठी ओळखली जाते. परंतु सौद्यात हळकुंडाचा आकार, चकाकी आणि पॉलिश यांनाच भाव मिळत राहिला, तर अधिक करक्यूमिन पिकविण्यात शेतकऱ्याला कोणते प्रलोभन उरते? ज्या गुणाची किंमत मिळत नाही, तो गुण बाजारात टिकत नाही. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले आहे. भाव आणि करक्यूमिनचे मोजलेले प्रमाण यांची सांगड घालणे, हे त्याचे पहिले काम असावे, असे मला वाटते.

काय करता येईल

आता लखनौकडे परत येऊ. माझ्या मते चार गोष्टी करण्याजोग्या आहेत.

पहिली, रंगाच्या पुडीची घाऊक पातळीवर तपासणी. फिरत्या अन्न प्रयोगशाळा आज अस्तित्वात आहेत. त्यांचा मुक्काम सणांच्या आधी मिठाईच्या दुकानांपुरता न राहता, जेथून रंग विकत घेतला जातो त्या पेठांत वर्षभर असला पाहिजे. निष्कर्ष बाजारातच, हिंदी-उर्दूत, फलकावर लावले जावेत.

दुसरी, फेरीवाल्याला परवडणारा पर्याय. कॅरोटीन, करक्यूमिन, शेंद्री, केशर, हरितद्रव्य यांना आपल्या कायद्यात नैसर्गिक रंग म्हणून मान्यता आहे. काळ्या गाजराचा अर्क तर जगभर खाद्यरंग म्हणून विकला जातो. मोठे उद्योग हे रंग पिंपांनी घेतात, पण दहा रुपयांची खात्रीशीर पुडी गाडीवाल्याला मिळत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समित्यांची तरतूद केली आहे आणि २०२० पासून 'पीएम स्वनिधी'तून या वर्गाला कर्जही मिळाले आहे. कर्जाला अशा प्रमाणित मालाच्या पुरवठ्याची व प्रशिक्षणाची जोड देता येईल.

तिसरी, शालेय व अंगणवाडीच्या आहारात स्थानिक, रंगद्रव्यांनी समृद्ध आणि हंगामात स्वस्त असलेल्या जिनसा. उत्तर प्रदेशात काळे गाजर, बीट, लाल माठ. महाराष्ट्रात नाचणी, अंबाडी, लाल भोपळा, जांभूळ. मुलाची नजर खऱ्या रंगाला सरावली, तर भडक रंगाची ओढ कमी होण्यास मदत होईल.

चौथी, संशोधन. लखनौत केंद्रीय औषधी संशोधन संस्था, राष्ट्रीय वनस्पति अनुसंधान संस्था, केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था आणि विषविज्ञान संस्था ही चारही केंद्रे एकाच शहरात आहेत. बिलबेरीवर झुरिचमध्ये आणि निळीवर जपानमध्ये काम झाले. काळे गाजर, जांभूळ आणि कोकम यांचा भारतीय रुग्णांना, भारतीय आहारासोबत, कितपत उपयोग होतो, याच्या मोठ्या व काटेकोर चाचण्या आपल्या रुग्णालयांतून व्हाव्यात आणि त्यांत हानीचीही नोंद तितक्याच कसोशीने ठेवावी.

यातील एकाही उपायासाठी नवा कायदा लागत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ पासून आहे, पथविक्रेत्यांचा कायदा आहे, पोषण आहाराची योजना आहे, संस्था तर आहेतच. त्यांनी परस्परांशी सहकार्य करावे, एवढीच अपेक्षा आहे.

शेवटी आपल्यासाठी एक व्यावहारिक सूचना. हिवाळ्यात काळ्या गाजराचा हलवा जरूर खावा. त्यातील साखर आणि खवा पाहता मात्र त्याला औषध समजू नये. तेच गाजर कोशिंबिरीत किंवा कांजीत अधिक वेळा यावे. भाजी घेताना एका आठवड्यात निरनिराळ्या रंगांच्या जिनसा घरात येतील असे पाहावे. आणि मिठाईवाल्याला 'यात कोणता रंग घातला आहे?' हा प्रश्न निःसंकोचपणे विचारावा. एका ग्राहकाने विचारले तर तो दुर्लक्ष करील. रोज दहा ग्राहकांनी विचारले तर त्याला पुडीवरचे लेबल पाहावेच लागेल. बाजारात हरवलेली माहिती परत आणण्याचे काम सरकारचे आहे, तसे आपलेही आहे.